सोवळ्याखालची नळी

बाबांचा लघवीचा मार्ग आतून बंद झाला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या बेंबीखाली भोक पाडून थेट मूत्राशयात नळी बसवली. नळीला पिशवी. घरी सोडताना ते म्हणाले, "जखम ताजी आहे. नळी निसटली तर भोक लगेच बुजायला लागतं. तडक इकडे निघून यायचं." त्या दिवसापासून मी जीव मुठीत धरून वावरत होते. बाबांना काळजी एकच, गणपती तोंडावर आले आणि पूजेला कोण बसणार.

"यंदा मी बसते," मी म्हटलं.

"मी असताना?" विषय संपला.

चतुर्थीला सकाळी ठाकुर्लीच्या आमच्या घरात बाबा सोवळ्याचा रेशमी कद नेसून पाटावर बसले. पिशवी कुठे दिसेना. मला वाटलं, आत नीट लपवली असेल. पण नंतर कळलं, लघवीची पिशवी घेऊन देवाला शिवायचं कसं, म्हणून त्यांनी ती काढून बाथरूममध्ये टांगली होती, नळीचं तोंड दुमडून त्याला रबर बँड लावला होता आणि वर कद करकचून नेसला होता. देवाचं काही अडत नव्हतं, अडत होतं ते यांचंच.

आरतीला उठताना त्यांच्या तोंडाचा रंग उडाला. तबक मात्र सोडलं नाही. कद तांबडा, त्यामुळे रक्त दिसलंच नाही. पाटावर ओल दिसली तेव्हा मी किंचाळले. निऱ्यांत अडकून नळी बाहेर आली होती.

"आरती होऊ दे गं."

"बाबा, गप्प बसा!" जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यावर खेकसले, तेही देवासमोर.

मानपाडा रोडवर जागोजागी ढोल-ताशे. रिक्षा हलेना. मी भोकावर टॉवेल दाबून बसले होते आणि माझ्या हाताखालीच ते बुजतंय असं सारखं वाटत होतं.

हॉस्पिटलमध्ये नळी जुन्या भोकातून आत जाईना. "नवीन भोक पाडावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "पण मूत्राशय आता रिकामं झालंय. ते फुगल्याशिवाय सुई घातली तर आतड्याला लागेल." म्हणजे पाणी पाजायचं आणि कळ यायची वाट बघायची. बाबा कण्हायला लागले, आणि त्यांची कळ अजून वाढू दे म्हणून मी देवाचा धावा करत होते. स्वतःच्या बापासाठी असलं मागणं कुणी मागितलं असेल?

अखेर नळी बसली. तरी डॉक्टरांनी बजावलं, "पोट दुखलं किंवा कडक झालं तर लगेच सांगा. आतड्याला इजा असेल तर पोट उघडावं लागेल."

दुसऱ्या दिवशी राउंडला त्यांनी पोटाला हात लावायच्या आतच बाबा म्हणाले, "काही दुखत नाही हो. संध्याकाळी घरी सोडा, दीड दिवसांचं विसर्जन आहे." डॉक्टर हसले, पिशवी बघितली आणि पुढच्या वॉर्डात गेले. मला इतकं हलकं वाटलं की मी घरी फोन लावायला घेतला.

बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता.

"दुखतंय गं," ते म्हणाले. "कालपासून."

मी चादर बाजूला करून हात लावला. पोट फळीसारखं कडक होतं. मी डॉक्टरांना हाका मारत अनवाणीच धावत सुटले.