ओव्हनमधला डबा

छापायला गेलेला शोधनिबंध मी आयुष्यात एकदाच परत मागवला. त्याला कारण वरण.

भोपाळच्या कारखान्यात मी इन्सुलेशन प्रयोगशाळेचा अभियंता होतो. विजेच्या मोटारींच्या तारांवर लावायचे व्हार्निश तेव्हा परदेशातून येई. तसेच व्हार्निश आम्ही इथे तयार केले. ते किती टिकते हे ठरवण्यासाठी व्हार्निश लावलेल्या तांब्याच्या तारा कित्येक महिने ओव्हनमध्ये तापत ठेवायच्या, दर सोमवारी बाहेर काढून त्यांवर विजेचा दाब द्यायचा आणि किती निकामी झाल्या ते लिहायचे. मधल्या दिवसांत दार उघडायचे नाही. दार उघडले की तापमान उतरते, व्हार्निशाची झीज तेवढी थांबते आणि ते आहे त्याहून टिकाऊ दिसते.

आमचे व्हार्निश फारच टिकाऊ दिसले. परदेशी व्हार्निशाच्या प्रसिद्ध आकड्यांनाही त्याने मागे टाकले. निबंध परीक्षकांनी मान्य केला आणि प्रूफ हाती आले. त्यावर पहिले नाव माझे, दुसरे विभागप्रमुखांचे. त्या महिन्यांत ते प्रयोगशाळेत फिरकले नव्हते. परंतु विभागातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निबंधावर त्यांचे नाव असे आणि मीही ते मुकाट्याने घातले होते. निबंधात लिहिले आहे तसेच प्रयोगात घडले आहे, अशा अर्थाच्या एका कागदावर आम्हा दोघांच्या सह्या होत्या.

आमचे क्वार्टर इंद्रपुरीच्या बाजूला होते. प्रूफ आले त्या संध्याकाळी जेवताना मी पत्नीला म्हणालो की घरच्यापेक्षा कारखान्यातले वरण बरे, निदान गरम तरी असते.

तिने वाढता हात थांबवला. "अहो, मी डबा भरते सकाळी साडेसहाला. एक वाजता तो गरम कसा असेल?"

मी पानावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाला विचारले. तो भोपाळचाच, वयाने मला वडील, कामात चोख. त्याने काहीही न लपवता सांगितले, "साहब, पूरे जाड़े सबके डिब्बे उसी में गरम हुए। आपका सबसे ऊपर रखता था।" नमुने खालच्या फळीवर होते, त्यांना कोणी बोटही लावले नाही, हे त्याने आवर्जून सांगितले. त्याला त्यात अभिमान होता.

त्याच्यावर रागावणे मला शक्य नव्हते. दार रोज दोनदा उघडत होते, थंड डबे ओव्हनची उष्णता खात होते, आणि सबंध हिवाळा मी ऊन वरण-भात जेवत होतो. तो ऊन का, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. दार उघडले नाही असे मी निबंधात लिहिले होते; ते उघडू नये असे त्याला सांगितले नव्हते.

मी विभागप्रमुखांकडे गेलो. ते नागपूरचे, बोलण्यात मोकळे. त्याच महिन्यात माझी पदोन्नतीची मुलाखत होती आणि माझा गोपनीय अहवाल त्यांच्याच हातात होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि हसले.

"अहो, वाचणाऱ्यांना काय तुमच्या वरणाचा वास येणार आहे?"

मी म्हणालो, सही आपण दोघांनी केली आहे.

"मग माझं नाव काढून टाका. आणि मुलाखतीतही वरणच सांगा."

कचेरीतला टंकलेखक त्यांच्या दाराशीच बसे. म्हणून मी पत्राचा मसुदा घेऊन जवाहर चौकात गेलो. तिथल्या टंकलेखकाने अर्धे पत्र टंकले आणि मान वर केली. "साहब, ये खाने के डिब्बे वाली बात भी लिखनी है?" मी म्हणालो, लिखनी है. पत्र त्याच दिवशी रजिस्टर्ड टपालाने गेले. संपादकांचे उत्तर चार ओळींचे होते: निबंध थांबवला आहे, प्रयोग पुन्हा झाल्यावर पाठवावा.

मुलाखतीत निबंधाविषयी विचारणा झाली. मी वरण सांगितले. समितीतले एक गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले. त्या वर्षी पदोन्नती मिळाली नाही. पत्नीने एकच विचारले, आता किती महिने थंड खाणार? मी सांगितले. दुसऱ्या दिवसापासून डब्यात दशम्या आणि कोरडी चटणी येऊ लागली.

ओव्हनला कुलूप लागले. शेजारी एक वही टांगली: दार केव्हा उघडले, केव्हा लावले, सही. किल्ली पहिले काही दिवस माझ्या खिशात असे. पुढे ती मी तंत्रज्ञाकडे सोपवली आणि तो माझ्याहून कडक निघाला. एकदा विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन आले आणि ओव्हन आतून दाखवा म्हणाले. त्याने नम्रपणे नमस्कार केला. "सर, सोमवार को तशरीफ़ लाइए।" पाहुण्यांनी ओव्हन बाहेरूनच पाहिला.

दुसऱ्या प्रयोगाचा आकडा पहिल्यापेक्षा लहान निघाला. परदेशी व्हार्निशाच्या किंचित खाली. मात्र मोटारीला लागतो त्याच्या पुष्कळ वर. मी तो जसाच्या तसा पाठवला. पहिला प्रयोग का बाद केला, हे डब्यांसकट एका परिच्छेदात लिहिले. दुसरे नाव तंत्रज्ञाचे घातले. निबंध छापून आला तेव्हा त्याने अंक दोन्ही हातांनी धरला आणि आपल्या नावावरून अंगठा फिरवला.

पुढे दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने, आम्हाला न विचारता, आमच्या व्हार्निशाची हीच परीक्षा केली. त्यांचा आकडा आमच्या आकड्यावर येऊन बसला. पहिला आकडा छापला असता तर त्यांनी आम्हाला खोटे ठरवले असते, आणि ते योग्यच झाले असते. व्हार्निश बाहेरून मागवणे थांबले. आमच्या कारखान्यातल्या मोटारींना आमचे व्हार्निश लागू लागले. माझी पदोन्नती दुसऱ्या वर्षी झाली. तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या शहरातल्या त्या प्रयोगशाळेचे आकडा कळवणारे पत्र विभागप्रमुख स्वतः घेऊन आले. मनापासून अभिनंदन केले. मग म्हणाले, "पुढच्या निबंधात आमचं नाव येईल ना?"

मी तंत्रज्ञाकडे पाहिले. त्याने खिळ्यावरची वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ती चाळली. सह्या दोनच माणसांच्या होत्या. त्यांनी वही मिटली, स्वतःच्या हाताने परत खिळ्याला अडकवली आणि ते गेले.

एकचा भोंगा झाला. मी डबा उघडला. दशमी थंड होती. चांगली लागली.