चूक विचारणारे अप्पा

नांदेडला लेकीकडे होतो. सकाळी गावाहून फोन आला, "गुरुजी, अप्पा गेले..." त्याला आता दीड महिना होतोय.

शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात रेशीम आणलं ते मल्लिकार्जुनअप्पांनी. मी तिथल्या शाळेत शिकवायचो. सोयाबीन सोडून दुसरं काही करायला कोणी धजत नव्हतं, तेव्हा अप्पांनी आधी स्वतःच्या रानात तुती लावली आणि मग घरोघर फिरले. "मलाबी सगळं येत न्हाई. मिळून शिकू," एवढंच म्हणायचे. त्या शब्दावर विसंबून सात घरं तयार झाली. माहितीपुस्तिका मी वाचायची आणि अप्पांनी मांडी घालून ऐकायची, असा आमचा क्रम होता.

पहिल्या अळ्या शेडमध्ये आल्या त्या दिवशी अप्पांनी आतच पूजा मांडली. उदबत्त्या, धूप, कापूर... धूर अळ्यांना सोसत नाही, हे मी आदल्याच दिवशी पुढची पानं चाळताना वाचलं होतं. पण सगळे हात जोडून उभे, अप्पांचे डोळे मिटलेले. माझी जीभ उचलली नाही. दोन-तीन दिवसांत अळ्यांनी पाला खायचा सोडला, मग त्या मरू लागल्या. पाहायला आलेल्या जाणत्या माणसानं उदबत्तीच्या राखेकडे बोट दाखवलं.

"काय अप्पा, देवानंच खाल्ल्या व्हय तुमच्या अळ्या?" गंगूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं. त्यांनी सोयाबीनचं रान मोडून तुती लावली होती.

"देवाला कशाला मधी घेता, बाई? उदबत्ती म्या लावली. कुणाला न विचारता लावली."

त्या संध्याकाळी मी अप्पांना माझं खरं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही भ्यालात गुरुजी, कारण मला अडवता येतं असं तुम्हाला वाटलं न्हाई. ती चूक माझीच की." दुसऱ्या दिवशी ते सातही घरी गेले, हात जोडून म्हणाले, "आणखी एकदा करून बघू." गंगूबाई सर्वांत शेवटी आल्या, पण आल्या. या वेळी पूजा लांब, लिंबाखाली झाली. नुसतं पाणी आणि बेल. शेडमध्ये शिरण्याआधी अप्पा मागे वळले, "काही चुकत असंल तर आत्ताच बोला." त्या खेपेला पांढरेशुभ्र कोष निघाले. पुढे दर खेपेला ते हेच विचारत राहिले.

मागच्या आठवड्यात गावी गेलो. अप्पांनंतरच्या पहिल्याच अळ्या आल्या होत्या. त्यांची सून सुनीता सासऱ्यांच्या जागी प्रथमच उभी होती. रडून रडून डोकं दुखत होतं तिचं, कपाळाला बाम चोपडलेला. ती शेडच्या दाराशी पोचली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आजच्या दिवशी तिला कोण टोकणार? मीही मान खाली घालणार होतो...

"सुनीता, थांब पोरी. बामाचा वास अळ्यांना चालत नाही."

तिनं कपाळाला हात लावला. "बरं झालं बोललात, गुरुजी," म्हणाली आणि रांजणाकडे वळली. ती खसाखसा कपाळ धूत होती, आणि तिचं होईपर्यंत आम्ही सगळे दारातच थांबलो.