एका बाजूचा ब्रेक

अश्वजित कांबळे हा माझ्या ओळखीतला सगळ्यांत समजूतदार माणूस, आणि हे मी कौतुकाने म्हणत नाही. नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या विद्यापीठात तो ब्रेकवर संशोधन करतो. शनिवारी सायकल हाणत गावाबाहेरच्या एका छोट्या रेल्वे संग्रहालयात फुकट राबायला जातो. तिथे इंग्लंडहून आणलेली कोळशाच्या मालगाडीची जुनी वाघीण आहे. लाकडी, आणि ब्रेकचा दांडा एकाच बाजूला.

म्हणजे पलीकडच्या बाजूला असलेल्या कामगाराला ब्रेक लावायचा तर दोन वाघिणींच्या मधून घुसावं लागे. माणसं चिरडत. दोन्ही बाजूंना दांडा हवा असा नियम अखेर झाला, तेव्हा मालकांनी खर्चाचं रडगाणं लावलं आणि त्यांना जुन्या वाघिणींसाठी वर्षांमागून वर्षांची मुदत मिळाली. तेवढी वर्षं माणसं मरत राहिली.

अश्वजितला हे वाचून झोप लागेना, कारण त्याचे वडील लहू चंद्रपूरकडच्या एका कोळशाच्या साइडिंगवर, म्हणजे माल भरायच्या बाजूच्या रुळांवर, असेच दोन वाघिणींमध्ये सापडून गेले. तेव्हा तो नऊ वर्षांचा. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. ती ओळ खोडून घेण्यासाठी त्याची आई कांताबाई अकरा वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिली. ओळ काही खोडली गेली नाही.

म्हणून वाघिणीचा माहितीफलक लिहायचं काम त्याने मागून घेतलं. मुदत कोणी मागितली, कोणी दिली, सगळं स्पष्ट लिहिलं. मग बैठक झाली. इथल्या बैठकीत कोणी आवाज चढवत नाही. कॉफी येते, प्रत्येकाला एक बिस्किट मिळतं, डब्याचं झाकण लागतं, आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत वाक्य तासत बसतात. लहान मुलं फलक वाचतात, कोणीतरी म्हणालं. मालकांचीही बाजू असेल, दुसरं म्हणालं. दोन तासांनी उरलं ते असं: 'घाईत मधून जाण्याच्या सवयीमुळे कामगारांचे अपघात होत.' अश्वजितनेही हात वर केला.

मी चिडून विचारलं, तर म्हणाला, "अरे, कन्सेन्सस झाला होता. मी एकट्याने काय अडून बसायचं?" फलकाखाली लेखक म्हणून त्याचं नाव छापलं गेलं.

मे महिन्यात कांताबाई आल्या. गाडी माझी, म्हणून संग्रहालयात मीही होतो. त्या वाघिणीभोवती एक चक्कर मारून फलकासमोर उभ्या राहिल्या.

"काय लिहिलंय, वाच."

खोटं सांग बाबा, मी मनात म्हणत होतो. पण त्याने शब्दन् शब्द मराठीत सांगितला. खोटं बोलायचं धैर्यही त्याच्याकडे नव्हतं.

"खाली नाव कोणाचं?"

"माझं, आई."



"चौकशीच्या त्या कागदावर सही करणाऱ्या साहेबाने तुझ्या बाबांना कधी पाहिलं तरी नव्हतं," त्या म्हणाल्या.