लीलाताईंचा बालवर्ग

लीलाताई गेल्याचा फोन महूहून त्यांच्याकडे राहायला आलेल्या भावाचा आला. "मॅडम, ताई गेली... सुबह चहा ठेवला होता, घेतलाच नाही." काही आठवडे लोटले, अजूनही धड काही सुचत नाही.

मी मराठी शाळेत लागले तेव्हा ताई बालवर्ग सांभाळायच्या. पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोराला त्या कधी गप्प बस म्हणाल्या नाहीत. पायातली चप्पल त्याच्या हातात द्यायच्या, "सांभाळ हं, मी आत्ता आले," आणि अनवाणी वर्गभर फिरायच्या. चप्पल आपल्यापाशी आहे म्हणजे बाई कुठे जात नाहीत, एवढं त्याला कळायचं. पुढे मुख्याध्यापिका झाल्या, तरी जूनमध्ये शाळा उघडली की बालवर्गाची ती पहिली सकाळ त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही.

मग मुलंच येईनाशी झाली. सुट्टीत आम्ही दोघी शाळेसाठी मुलं मिळवायला बडा गणपती भागातल्या गल्ल्यांतून घरोघर फिरायचो. ताईंची एक जुनी विद्यार्थिनी आपल्या मुलीला कडेवर घेऊन म्हणाली, "ताई, मराठी तो घर में बोल लेते हैं ना. शाळा इंग्लिशच पाहिजे." तिने चहा दिला, पाया पडली. रस्त्यात ताई एवढंच म्हणाल्या, "हिला लिहायला मीच शिकवलं गं..."

शाळा बंद करायचं ठरलं त्या शेवटच्या बैठकीत त्यांनी शाळेच्या समितीपुढे हात जोडले. "एक वर्ष द्या." अध्यक्ष खाली बघत म्हणाले, "ताई, बच्चेच नाहीत, तर कोणासाठी चालवून राहिलो आपण?"

शाळा बंद झाली. ताई म्हणाल्या, घरीच बालवर्ग काढू. मी भेटायला गेले की विचारायच्या, "कुणी चौकशी केली का?" मी नकारार्थी मान हलवायचे. हळूहळू त्यांचं जेवण कमी झालं, बाहेर पडणं थांबलं. मग त्यांनी विचारणंही सोडलं... ते मला जास्त सहन होईना.

तेराव्याला ताईंच्या घरी गेले, तर एरवी बंद असायची त्या बाहेरच्या खोलीत, भिंतीवर माझ्या कमरेच्या उंचीला खुंट्यांची रांग. दप्तरांसाठी ठोकून घेतलेल्या, कोऱ्या करकरीत. एकाही मुलाचा हात न लागलेल्या.

"इतके नीचे कशाला लावले हिने?" भाऊ म्हणाले. "किरायेदार येणार आहे, निकलवून टाकतो."

मी हातातली पिशवी वाकून एका खुंटीला अडकवली आणि पानं वाढायला आत गेले.