कात्रीभाऊंचा खालचा खण

कात्रीभाऊंचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. बाकी सगळ्या कचेरीला ते कात्रीभाऊ. काम एकच: रोज सकाळी सतरा वर्तमानपत्रं वाचायची, बाईंबद्दलचा मजकूर कापायचा, खळ लावून कोऱ्या कागदावर चिकटवायचा, वर तारीख घालायची आणि साडेआठच्या ठोक्याला फाइल बाईंच्या टेबलावर ठेवायची. बाई म्हणजे राज्याच्या मुख्यमंत्री, लोकांनी मतं देऊन निवडलेली पहिलीच बाई. शाळेत गणित शिकवता शिकवता नगरपालिकेला उभ्या राहिल्या, मग विधानसभेत गेल्या, मग इथे आल्या. पहिल्या निवडणुकीपासून कात्रीभाऊ त्यांच्याबरोबर होते.

वर्तमानपत्रांनी बाईंना सुखानं बसू दिलं नाही. त्या रस्त्यांवर बोलल्या, तर बातमी त्यांच्या चपलांची. नवा कायदा आणला, तर कुणीतरी शहाणा विचारणारच, घरी भाजी कोण निवडतं म्हणून. भाऊ दातओठ खात कापायचे. बाई ओळ न् ओळ वाचायच्या. दोन वर्षं हे चाललं. एका सकाळी वाचून झाल्यावर बाईंनी चष्मा काढून डोळे पुसलेले भाऊंनी पाहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून तसली कात्रणं फाइलीत गेलीच नाहीत. ती टेबलाच्या खालच्या खणात गेली. हळूहळू हात इतका सरावला, की मथळा टवाळीचा दिसला की खालचं न वाचताच खण उघडायचा.

"हल्ली माझी टिंगल कमी झालेली दिसते," बाई एकदा म्हणाल्या.

"तुमचं काम बघून गप्प बसले असतील," भाऊ म्हणाले. मनातून स्वतःवर खूशही झाले.

मग आलं ते 'बाईंचं न्हाणीघर'. मथळा असा, म्हणून भाऊंनी ते खणात टाकलं. मथळ्याखाली खरी बातमी होती: बाईंनी उद्घाटन केलेल्या प्रसूतिगृहात पाणी नव्हतं, बाळंतिणींच्या घरची माणसं तीन मजले बादल्या चढवत होती. तीन आठवड्यांनी निवडणुकीच्या भर सभेत बाई अभिमानानं म्हणाल्या, तिथे दिवसरात्र पाणी आहे. मागच्या रांगेतली एक नर्स उठली.

"बाई, नळ कोरडे आहेत. पेपरातसुद्धा आलं होतं."

"आलं असतं तर माझ्या टेबलावर आलं असतं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तीच जुनी बातमी सगळ्यांनी पहिल्या पानावर छापली. बाई थोडक्या मतांनी पडल्या. चूक माझी, असं त्यांनी पत्रकारांना सांगितलं, तेव्हा भाऊ त्यांच्या मागेच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं नाही.

नऊ वर्षं त्यांनी ते उघडलं नाही. खणातली कात्रणं बुटांच्या खोक्यात भरून घरी आणली आणि कपाटावर ठेवली. जेवताना नजर तिकडेच जायची.

"अहो, एक तर तो खोका टाकून द्या, नाहीतर देऊन या," बायको म्हणायची. "माझ्या कपाटावर तुमचं पाप कशाला?"

शेवटी बाईंचाच निरोप आला. त्या आपल्या कारकिर्दीवर पुस्तक लिहीत होत्या, तारखा जुळवायला भाऊ हवे होते. भाऊ खोका बगलेत मारून गेले आणि चहा यायच्या आत प्रसूतिगृहाच्या बातमीचं सगळं ओकून मोकळे झाले.

बाईंनी शांतपणे ऐकलं. "प्रसूतिगृहाची बातमी तुमच्याकडून राहिली, हे मला तेव्हाच कळलं होतं. सतरा पेपर, एखादी सुटते. आणि तिथे जाऊन बघणं माझं काम होतं."

भाऊंना रडू फुटलं. नऊ वर्षं उगाच जळलो, असं वाटलं. बाई मात्र खोक्यातले कागद उलटत होत्या.

"हे बाकीचे काय आहेत?"

"टवाळीचे. तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"किती?"

"चारशे बारा."

"शेवटचा कधीचा?"

"मतदानाच्या आदल्या दिवशीचा."

बाईंनी समोरची लिहिलेली पानं बाजूला सारली.

"भाऊ, नऊ वर्षं मी गावोगाव मुलींना सांगत फिरले. उभ्या राहा, दोन वर्षं हसतात, मग काम बघून गप्प बसतात. माझं तसं झालं होतं ना. माझी भाची उभी राहिली, निवडून आली. तिच्यावरचं हसणं तिसऱ्या वर्षीही थांबलं नाही. रडत माझ्याकडे आली, तर मी काय म्हटलं माहीत आहे? तू कामात कमी पडत असशील. राजीनामा देऊन घरी बसली ती."

भाऊंनी खाली पाहिलं. ज्या चुकीसाठी ते आले होते, ती केव्हाच माफ झाली होती. ही त्यांच्या गावीही नव्हती.

"मला काय शिक्षा द्यायची ती द्या, बाई."

"खळ आतल्या खोलीत आहे," बाई म्हणाल्या. "सगळी तारखेप्रमाणे चिकटवा. तिला संध्याकाळी बोलावते. फाइल तुम्हीच तिच्या हातात द्या, आणि का लपवली तेही तुम्हीच सांगा."

भाऊ कागद घेऊन बसले. पहिलं कात्रण पुन्हा चपलांचंच होतं.