पश्चिमेच्या भिंतीची ओल

मरोळच्या जुन्या चर्चची पश्चिमेची भिंत मी बिघडवली. एवढं कबूल करायला मला वीसेक वर्षं लागली, म्हणून आधी तेच लिहून टाकतो.

तेव्हा मी नुकता सुपरवायझर झालो होतो. वडील गिरणी बंद पडून घरी बसलेले, भांडुपच्या खोलीत कमावता मीच, त्यामुळे खिशाला पेन लावून हुकूम सोडायची भारी हौस. चर्च पोर्तुगीजांच्या काळातलं. दोन हात जाड भिंती, दगड-चुन्याच्या. कौलं आणि मनोरा पुढच्या पिढ्यांनी चढवलेला. पश्चिमेच्या भिंतीचा बाहेरचा गिलावा जागोजागी सुटला होता, तो नवा करायचं काम आमच्याकडे आलं. चर्चची देखरेख करणारे काका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातले; ते आवारातल्याच खोलीत राहायचे. त्यांचे आजोबाही इथेच घंटा वाजवायचे. ते मला म्हणाले, "चुनाच लाव रे. ही भिंत जमिनीतली ओल पिते नि बाहेर टाकते. सिमेंट लावून तिचं तोंड बांधू नको."

चुना मुरवायचा म्हणजे आठवडे जातात. सिमेंट सकाळी कालवलं की संध्याकाळी हात धुवून मोकळे. "काका, जमाना कुठे चाललाय, तुम्ही कुठे आहात!" असं हसत म्हणालो आणि अख्खी भिंत सिमेंटने गुळगुळीत करून दिली. फादरनी पाठ थोपटली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण माझा बैल वाजतगाजत घरी गेला. भोगावं लागलं ते काकांना.

दोन-तीन पावसाळ्यांत कोंडलेली ओल आतल्या बाजूने फुटली. वेदीजवळच्या रंगाचे पोपडे पडू लागले. बाहेरून भिंत चकाचक, मग दोष कुणाचा? काका पन्हळी साफ करत नाहीत, पावसात खिडक्या उघड्या टाकतात, असं लोकांनी ठरवलं. शेवटी वय झालं म्हणून त्यांना खोली सोडायला लावली. ते बोरीवलीला मुलीकडे गेले. हे सगळं माझ्या कानावर येत होतं आणि मी गप्प होतो.

मागच्या वर्षी चर्चच्या जीर्णोद्धाराचं काम निघालं आणि ते नेमकं माझ्याच वाट्याला आलं. फादर आणि चर्चची कमिटी तोवर बदललेली, जुना गिलावा माझा हे कुणालाच माहीत नव्हतं. जुन्या इमारतींची जाणकार आर्किटेक्ट बाई भिंतीवर टकटक करून म्हणाली, "ओल या सिमेंटने कोंडलीय. कोणी केलं हो हे गाढवपण?"

"जुनं काम आहे, मॅडम," मी म्हणालो. तिने तसा अहवाल दिला, तो कमिटीच्या फायलीत गेला. लोकांच्या तोंडी काकांचीच गोष्ट राहिली.

मला झोप लागेना. एका दुपारी बोरीवलीला गेलो आणि काकांना सगळं सांगून टाकलं. ते पलंगावर गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"मला पहिल्याच पावसात कळलं होतं," ते म्हणाले. "लोकांना सांगितलं तर म्हणाले, म्हातारा स्वतःचं झाकतोय. आता मला काय सांगतोस? रविवारी मिस्साची प्रार्थना सुटली की तिथे सांग. सगळ्यांसमोर."

"येतो," मी म्हणालो.

त्या रविवारी गेलो नाही. पुढच्याही नाही. सोसायटीची मीटिंग होती, मग मेहुणीकडे बारसं होतं. खरं म्हणजे लाज वाटत होती.

काम मात्र मी जीव ओतून केलं. छिन्नीने सिमेंट उतरवलं, चुना नीट मुरवला, एकेक थर सुकू दिला. भिंत हळूहळू सुकली. काम पुरं झाल्यावर चर्चमध्ये छोटा समारंभ झाला. चहाच्या वेळी एका बाईंनी वेदीजवळच्या भिंतीला हात लावला आणि कौतुकाने म्हणाल्या, "बघा ना, त्या म्हाताऱ्याने वाट लावलेली भिंत यांनी कशी कोरडी केली!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.