सुकाणूवर कोण होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, माझ्या हाताखालून गेलेल्या एवढ्या मुलांपैकी एकालाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही माझ्या वर्गात बसलेले नाही म्हणून असेल. पण एकदा सुरू केलंय तर शेवटपर्यंत नेईन. काम अर्ध्यावर सोडायची मला सवय नाही.

सुरतेच्या उधन्यात माझा क्लास आहे. खाली साड्यांवर एम्ब्रॉयडरी करणारी मशिनं, वर आमची खोली. पोलीस, लष्कर, नौदल — भरतीची तयारी करून घेतो. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये नाहीतर लूमवर राबणाऱ्यांची मुलं-मुली येतात. बहुतेक खानदेशातली, घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती. मी उत्तम शिकवतो. ते कशाला लपवू? माझे विद्यार्थी आज बंदरांवर आहेत, जहाजांवर आहेत. आणि त्या प्रत्येकाला मी एक इतिहास तोंडपाठ करून दिलाय — नौदलाच्या एका शिडांच्या प्रशिक्षण जहाजाचा आणि त्याच्या तीन कमांडरांचा.

पहिले कमांडर, जहाज नवंकोरं होतं तेव्हाचे. कुणाही शिकाऊ मुलाला डोलकाठीवर चढवण्याआधी ते स्वतः चढायचे आणि टोकाला पोचले की टोपी काढून हलवायचे. दुसरे फार कमी बोलायचे. गोडं पाणी जपून वापरायचा त्यांचा दंडक, म्हणून स्वतःची दाढी खाऱ्या पाण्यानं करायचे. गाल सोलवटलेले असायचे. आणि तिसरे — तिसऱ्यांची गोष्ट सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. जहाजभर शिकाऊ मुलं, वादळ अंगावर आलेलं, बंदरात परत फिरण्याचा हुकूम. अशात त्यांना मच्छीमारांची एक होडी बुडताना दिसली. त्यांनी जहाज तिच्याकडे वळवलं. होडीतली सगळी माणसं वर घेतली. त्या वळणात पुढची डोलकाठी मोडली. मग चौकशी झाली आणि साहेबांना किनाऱ्यावरच्या कचेरीत पाठवलं. पुन्हा जहाज मिळालं नाही.

‘तेव्हा सुकाणूवर मी होतो. साहेबांनी विचारलं, धरून ठेवशील? मी म्हटलं, हो साहेब.’ इथं मी थांबतो. वर्गात कुणी हलत नाही.

मी त्या जहाजावर कधीच नव्हतो.

बघा, लिहून झालं. कुठल्याच जहाजावर नव्हतो. अठराव्या वर्षी मी आणि सुकलाल बरोबरच भरतीला गेलो होतो. सुकलाल म्हणजे आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून राहणारा. आमचे वडील एकाच मिलमध्ये, एकाच पाळीला. धावण्यात मी त्याच्या पुढे, लेखीत तर कितीतरी पुढे. मेडिकलला ठिपक्यांची पानं समोर धरली. त्यातला आकडा त्याला दिसला, मला दिसला नाही. हिरवा आणि तपकिरी रंग मला एकच दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो गेला, मी परत आलो.

त्याची पत्रं यायची. ती टोपी, तो सोलवटलेला गाल, सगळं त्या पत्रांतलं. पुढं मी क्लास काढला. एकदा एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, ‘सर, तुम्ही नेव्हीत होता ना?’ माझे बूट, माझं ताठ चालणं बघून विचारलं असेल. मी नाही म्हणालो नाही. बस्स, तेवढंच. आठवडाभरात माझा ‘कॅप्टन सर’ झाला.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहायला बसलोही नसतो. थापा मारणारे थोडे आहेत का?

सुकलाल नोकरी सोडून सुरतेला आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. दोन त्या वळणावर गेली होती — सुकाणू सोडता येत नव्हतं आणि तुटलेला दोर येऊन हातावर बसला. त्यानं मला एक वही दिली. जहाजाचा सगळा इतिहास, तिन्ही कमांडर, त्यानं स्वतः पाहिलेलं. म्हणाला, ‘तू मास्तर माणूस. भाषा नीट कर, मग कुठं छापता येईल ते बघू.’

भाषा मी नीट केली. चार-पाच ठिकाणी मात्रा चुकल्या होत्या. बाकी काही बदलावं लागलं नाही. त्यानं ‘मी सुकाणूवर होतो’ असं लिहिलं होतं. ते ‘मी’ मला जसंच्या तसं चाललं. पुस्तिका छापली, मुखपृष्ठावर माझं नाव घातलं आणि क्लासमध्ये वाटायला सुरुवात केली.

मग एके दिवशी दुपारी तो वहीची चौकशी करायला सरळ वर्गातच आला. मुलांनी विचारलं, हे कोण? तेव्हा खरं बोलता आलं असतं. त्याला बाहेर नेता आलं असतं. मी म्हणालो, ‘हे आमच्या जहाजावर स्वयंपाकी होते.’ पहिल्या बाकावरच्या मुलीनं त्याच्या हाताकडे बघून विचारलं, ‘काका, बोटांना काय झालं?’ त्यानं तोंड उघडायच्या आत मी उत्तर दिलं — ‘बटाटे कापायच्या यंत्रात गेली.’ दोघं-तिघं हसले. मीही हसलो.

स्वयंपाकी असणं कमीपणाचं नाही, हे मला कळतं. पण मी ते कमीपणा आणायलाच म्हटलं होतं.

त्यानं हात खिशात घातला. टेबलावरची एक पुस्तिका उचलून चाळली, वादळाच्या पानापाशी थोडा थांबला, आणि होती तिथं ठेवली. मुलांना म्हणाला, ‘अभ्यास करा. सर चांगले शिकवतात.’ आणि जिना उतरून गेला. पुढे तो कामरेजला एका रोपवाटिकेत कामाला लागला, तिथंच राहू लागला. मी गेलो नाही. त्यानं कुणाकडे शब्द काढल्याचं कधी कानावर आलं नाही.

अजून एक उरलंय, आणि ते याहून वाईट आहे.

माझा एक विद्यार्थी त्याच जहाजावर लागला. जहाजाच्या वाढदिवसाला जुन्या कमांडरांना बोलावलं होतं. यानं अभिमानानं माझी पुस्तिका तिसऱ्या कमांडरांच्या हातात ठेवली. साहेब मराठी होते, त्यांनी ती वाचली आणि मला पत्र धाडलं. मोजक्या ओळींचं. वर्णन अगदी खरं आहे, असं लिहिलं होतं. तुमचं नाव मात्र आठवत नाही. माझ्या सुकाणूवर सुकलाल होता. तो कुठं असतो हे ठाऊक असेल तर त्याला कळवा — त्याचा हात मी विसरलेलो नाही, आणि मला त्याला एकदा भेटायचं आहे. खाली पत्ता होता.

कामरेज इथून किती लांब? तासाभराची बस. ते पत्र मी दोन वर्षं कपाटात ठेवलं. विसरलो नव्हतो. एक दिवसही विसरलो नाही.

गेल्या महिन्यात त्या विद्यार्थ्याचा फोन आला, साहेब गेले म्हणून. त्यानंतर मी कामरेजला गेलो. त्याआधी नाही, त्यानंतर.

सुकलाल रोपांना पाणी घालत होता. हात पुसून त्यानं पत्र घेतलं, उभ्याउभ्याच वाचलं. मग खाली बसला आणि पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा असा फुललेला मी भरतीच्या दिवसानंतर पाहिला नव्हता. घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, साहेबांचं पत्र आलंय म्हणाला. मला म्हणाला, ‘रविवारी जाऊत. तूबी चल.’

मी सांगितलं, साहेब आता नाहीत.

त्यानं पत्र उलटसुलट करून बघितलं. मग विचारलं, ‘हाई कधी उनं?’

‘येऊन दोन वर्षं झाली,’ मी म्हणालो.

त्यानं पत्राची घडी घालून खिशात ठेवली. बायको दारात येऊन उभी होती. तिला म्हणाला, ‘पाहुण्यासाठी चहा ठेव,’ आणि राहिलेल्या वाफ्यांना पाणी घालायला गेला.